सर्टिफिकेट एरर कधी येतो, कधी जातो: घरच्या पीसीवर दोष नेमका कुठे ते कसं शोधायचं

सकाळी बँकेची साइट नीट उघडते, रात्री तीच साइट लाल त्रिकोण दाखवून "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी काहीही न करता परत चालू. एरर कायमचा असता तर परवडला असता, पण हा असा येऊन-जाऊन असणारा एरर म्हणजे डोक्याला ताप, कारण पीसी उचलून एम.जी. रोडच्या दुकानात नेला की तिथे तो हमखास गायब होतो आणि दुकानदार म्हणतो "साहेब सगळं ओके आहे, विंडोज मारून देऊ का?"

मारू नका. निदान लगेच तरी नको. दुकानात एरर येत नाही यातच अर्धं उत्तर आहे: तिथलं नेट वेगळं, तिथे मशीनची पिन दिवसभर बोर्डात, तिथे तुमच्या घरचा राउटर नाही. म्हणजे एरर कधी येतो, कुठे येतो, कुठल्या साइटवर येतो आणि कधी येत नाही, हे नीट पाहिलं की दोष सापडतो, आणि हे न पाहता कॅशे उडव, ब्राउझर रीइन्स्टॉल कर, अँटीव्हायरस बदल असं करत बसलं की एखाद्या वेळी एरर जातो पण का गेला ते कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी हजर. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. विंडोज धरून लिहितोय कारण घरोघरी तेच आहे.

आधी थोडक्यात, ब्राउझर तपासतो काय

पासपोर्टचं उदाहरण घेऊ, आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्येच छापतात ते. विमानतळावरचा माणूस तीन गोष्टी बघतो: मुदत आहे का, नाव आणि माणूस जुळतो का, आणि ज्या सरकारने दिलाय ते त्याच्या ओळखीचं आहे का. ब्राउझरही वेबसाइटच्या सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे तिच्या ओळखपत्रात, हेच तीन बघतो. आता गंमत अशी की त्या माणसाच्या टेबलावरचं कॅलेंडरच चुकीचं असेल तर चांगला पासपोर्टही तो परत करेल. घरच्या पीसीवर हे फार वेळा होतं, म्हणजे साइट चांगली, सर्टिफिकेट चांगलं, आणि तपासणाराच गडबडलेला.

पायरी १: काही हात लावू नका, आधी लिहून घ्या

एरर समोर आला की रिफ्रेश मारायचा मोह आवरा. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. क्रोम आणि एजमध्ये मेसेजच्या खाली बारीक अक्षरात एक कोड असतो, "नेट एरर सर्ट" ने सुरू होणारा. त्या कोडवर क्लिक करून बघा, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, क्लिक केलं की खाली अजून माहिती उलगडते: सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं आहे म्हणजे सब्जेक्ट, कोणी दिलं म्हणजे इश्युअर, कधी संपतं, आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आजची तारीख काय. या चार ओळींत बहुतेक केसेस तिथल्या तिथे उघड्या पडतात. फायरफॉक्समध्ये "ॲडव्हान्स्ड" दाबून "व्ह्यू सर्टिफिकेट" घ्यायचं, तिथेही हेच मिळतं.

सोबत एवढं टिपून ठेवा: वेळ काय, पीसी चालू करून किती वेळ झाला, वायफाय कुठलं, एकाच साइटवर येतोय की सगळ्यांवर, दुसऱ्या ब्राउझरमध्ये येतोय का, आणि त्याच क्षणी मोबाइलच्या डेटावर तीच साइट उघडते का. एका जुन्या वहीत लिहा नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. दोन-तीनदा एरर आल्यावर या नोंदी शेजारी ठेवल्या की काय जुळतंय ते दिसायला लागतं.

आता कोडचा अर्थ. "डेट इनव्हॅलिड" असेल तर मुदतीचा प्रश्न, पायरी २ कडे जा. कधीकधी क्रोम सरळच सांगतो की "युअर क्लॉक इज बिहाइंड" किंवा "अहेड", मग तर शंकाच नको. "कॉमन नेम इनव्हॅलिड" म्हणजे नाव जुळत नाही, तुम्ही मागितलं एक आणि समोर आलं दुसरंच, हे बहुतेक नेटवर्कचं किंवा साइटचं प्रकरण. "ऑथॉरिटी इनव्हॅलिड" म्हणजे देणारा ओळखीचा नाही: अँटीव्हायरस, ऑफिसचं सॉफ्टवेअर, साइटवाल्यांनी अर्धवट बसवलेलं सर्टिफिकेट, किंवा खरोखरच मधे कोणीतरी बसलंय. फायरफॉक्समध्ये यालाच "अननोन इश्युअर" म्हणतात, आणि त्याला मधे कोणी असल्याचा संशय आला तर कोडमध्ये "एमआयटीएम डिटेक्टेड" (मॅन इन द मिडल, म्हणजे मधला माणूस) असं स्पष्ट येतं.

पायरी २: घड्याळ, आणि घड्याळ म्हणजे फक्त वेळ नाही

इथे थोडा वेळ घालवतो कारण घरच्या डेस्कटॉपवर येऊन-जाऊन येणाऱ्या एररमागे मला सगळ्यात आधी हाच संशय येतो.

मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा (२० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी म्हणून २०३२). पीसीला लाइट नसते तेव्हा घड्याळ या सेलवर चालतं. साधारण तीन ते पाच वर्षांत तो मान टाकायला लागतो, कधी जास्तही टिकतो. आता आपल्याकडे पद्धत काय, काम झालं की पीसी शटडाऊन आणि भिंतीवरचा बोर्डही बंद, वीज वाचते म्हणून. सेल ठणठणीत असेल तर काही बिघडत नाही, पण सेल मेला असेल तर बोर्ड बंद केल्याबरोबर घड्याळ थांबतं किंवा बायॉसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, ठरलेल्या तारखेला जाऊन बसतं, काही वर्षं मागे. सकाळी पीसी लावला, तारीख जुनी, ब्राउझर म्हणतो या साइटचं सर्टिफिकेट तर अजून सुरूच झालेलं नाही, एरर. मग दहा-पंधरा मिनिटांनी विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करतं, आणि एरर आपोआप पसार. घरातले म्हणतात "मशीन गरम झालं की नीट चालतं". गरम होण्याचा काही संबंध नाही.

ओळखायची खूण सोपी: रात्री बोर्ड बंद ठेवलेल्या दिवशी एरर येतो, बोर्ड चालू राहिलेल्या दिवशी येत नाही, लाइट जाऊन आली की येतो. खात्री करायची असेल तर बोर्ड तासभर बंद ठेवा, मग नेटची वायर काढून किंवा राउटर बंद ठेवून पीसी लावा आणि खाली उजवीकडची तारीख बघा. नेट नसल्याने दुरुस्तीला वाव नाही, खरं काय ते दिसेल.

याहून फसवा प्रकार म्हणजे घड्याळ थोडंच चुकलेलं असतं, एखाद-दोन दिवसांनी. तेव्हा सगळ्या साइट्स बंद पडत नाहीत. घड्याळ दोन दिवस मागे असेल तर ज्या साइटने कालच सर्टिफिकेट नवं केलंय तेवढीच अडते, आणि दोन दिवस पुढे असेल तर ज्या साइटच्या सर्टिफिकेटचे शेवटचे दिवस उरलेत ती अडते. बाकी सगळं सुरळीत, त्यामुळे घड्याळावर कोणाचा संशयच जात नाही. आणि हे पुढे वाढणार आहे बरं का, कारण सर्टिफिकेटची मुदत कमी कमी होत चालली आहे. सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस असं ठरलंय. लेट्स एनक्रिप्टची फुकट सर्टिफिकेटं तर सुरुवातीपासूनच ९० दिवसांची. मुदत जितकी लहान तितक्या वेळा नवं सर्टिफिकेट, आणि तितक्या वेळा चुकलेलं घड्याळ उघडं पडणार.

तिसरा प्रकार टाइम झोनचा. घड्याळात वेळ बरोबर दिसते पण झोन अमेरिकेचा असतो, कोणीतरी इन्स्टॉल करताना तसाच ठेवलेला आणि मग वेळ हाताने जुळवलेली. ब्राउझर मात्र तुम्हाला दिसणारी वेळ बघत नाही, तो झोन वजा करून जागतिक वेळ काढतो, आणि मग तुमचं मशीन बारा-तेरा तास पुढे धावत असतं. सेटिंग्जमध्ये "टाइम अँड लँग्वेज", तिथे "डेट अँड टाइम", झोन "यूटीसी अधिक ५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली" हाच पाहिजे. आणि हो, ज्यांच्याकडे एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहे त्यांनी लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे आहे का ते बघा, कारण लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये "टाइमडेटसीटीएल" ला "सेट-लोकल-आरटीसी १" दिलं की भांडण मिटतं.

दुरुस्ती: त्याच पानावर "सेट टाइम ऑटोमॅटिकली" चालू करा आणि "सिंक नाऊ" दाबा. सिंक फेल झालं तर टाइम सर्व्हर बदलून बघा, जुन्या कंट्रोल पॅनलच्या "डेट अँड टाइम" मध्ये "इंटरनेट टाइम" टॅबवर टाइम डॉट विंडोज डॉट कॉम ऐवजी टाइम डॉट गूगल डॉट कॉम टाका. तरीही फेल होत असेल तर फायरवॉल किंवा राउटर वेळ जुळवायला लागणारा यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट अडवत असेल.

सेल बदलायचा असेल तर पीसी बंद, पिन बोर्डातून बाहेर, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा, मग सेलची क्लिप बाजूला दाबा, सेल उसळून वर येतो. नवा टाकताना अधिकची बाजू वर. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो, त्यासाठी मेकॅनिक बोलावायची गरज नाही. मात्र दोन गोष्टी आधी: बायॉसमध्ये जाऊन सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा कारण सेल काढल्यावर सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात आणि हार्डडिस्कचा मोड बदलला तर विंडोज उठणार नाही. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, बायॉस बदलला की विंडोज ती मागू शकतं, आणि ऐनवेळी ती सापडली नाही तर सर्टिफिकेट एररचं दुःख फार छोटं वाटेल. लॅपटॉपमध्ये हा सेल वायरला जोडलेला असतो किंवा काही मॉडेलमध्ये वेगळा नसतोच, ते दुकानातच करून घ्या.

पायरी ३: मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा

घड्याळ बरोबर निघालं, झोन बरोबर निघाला, तरी एरर? मग एरर समोर असतानाच मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, पीसी त्यावर जोडा, ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा आणि तीच साइट बघा. एरर गेला तर दोष राउटरमध्ये किंवा नेटवाल्याकडे. राहिला तर पीसीत किंवा साइटमध्ये, सरळ पायरी ४. एवढ्या एका टेस्टने निम्मं जंगल साफ होतं.

नेटवर्कच्या बाजूने सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे लॉगिन पेज. गल्लीतल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड असेल तर प्लॅन संपला किंवा सेशन तुटलं की तो तुम्हाला स्वतःच्या रिचार्जच्या पानावर ढकलतो. तुम्ही मागितली बँक, त्याने दिलं त्याचं पान, ब्राउझर म्हणतो नाव जुळत नाही. ब्राउझरचं बरोबर आहे. सब्जेक्टच्या ओळीत नेटवाल्याचं किंवा राउटरचं नाव दिसलं की समजून जा. उपाय म्हणजे एखादी साधी एचटीटीपी साइट, म्हणजे सर्टिफिकेट न लागणारी, उघडा, नेव्हरएसएसएल डॉट कॉम याच कामासाठी बनवलेली आहे, ती उघडली की लॉगिन पेज स्वतःहून समोर येतं. रिचार्ज करा, लॉगिन करा, एरर संपला. सीबीएस म्हणजे बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये किंवा कॉलेज रोडच्या कॅफेत लॅपटॉप घेऊन बसलं की होतं तेही हेच.

दुसरी गोष्ट, लॅपटॉप नक्की कुठल्या वायफायवर आहे ते बघा. सिडकोत किंवा इंदिरानगरात एका भिंतीला चार घरांचे राउटर दिसतात, कधीतरी शेजाऱ्यांचा पासवर्ड टाकलेला असतो, आणि आपलं नेट जरा हललं की लॅपटॉप गुपचूप तिकडे उडी मारतो. हल्ली रस्त्यांची खोदकामं, त्यात केबल तुटते, मग हे फारच होतं. नको असलेल्या नेटवर्कवर "फर्गेट" करून टाका.

तिसरी, आणि ही गंभीर: राउटरचा डीएनएस. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी व्यवस्था. राउटरचा पासवर्ड अजूनही ॲडमिन-ॲडमिन असेल तर कोणतंही व्हायरसवालं सॉफ्टवेअर आत शिरून तिथला डीएनएस बदलू शकतं, मग काही साइट्सचा पत्ता चुकीचा मिळतो, सगळ्यांचा नाही, म्हणून एरर अधूनमधून. हे नवीन नाही, डीएनएस-चेंजर नावाच्या मालवेअरने जगभर लाखो मशीन असंच फिरवलं होतं आणि त्याचे सर्व्हर शेवटी ९ जुलै २०१२ ला बंद केले. राउटरच्या पानावर जा, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तिथे स्वतः राउटरच सर्टिफिकेट एरर देईल, तो चालतो कारण ते घरातलंच यंत्र आहे. वॅन किंवा इंटरनेटच्या पानावर डीएनएस बघा. ओळखीचा नसेल तर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका, राउटरचा पासवर्ड बदला, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट असेल तर करा, आणि राउटर रीस्टार्ट करून पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये "आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस" द्या म्हणजे जुने पत्ते पुसले जातील.

हे करूनही एरर फक्त घरच्याच नेटवर येत असेल तर नेटवाल्याला फोन करा, पण "साइट चालत नाही" असं सांगू नका, तो राउटर बंद-चालू करा म्हणेल आणि फोन ठेवेल. सब्जेक्ट आणि इश्युअरच्या ओळीचा फोटो पाठवा.

पायरी ४: इश्युअरचं नाव वाचा

हॉटस्पॉटवरही एरर आहे, घड्याळ ठीक आहे. आता इश्युअरची ओळ बघा. तिथे लेट्स एनक्रिप्ट, डिजिसर्ट, सेक्टिगो, ग्लोबलसाइन, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस, ॲमेझॉन, किंवा आपल्याकडचं एमसाइन असं काही असेल तर पीसीत मधे कोणी नाही, पायरी ५ वर जा. पण तिथे तुमच्या अँटीव्हायरसचं नाव असेल तर चोर घरातच सापडला, म्हणजे चोर नाही, राखणदारच.

बरेच अँटीव्हायरस "एचटीटीपीएस स्कॅनिंग" किंवा "वेब शील्ड" अशा नावाने साइट आणि ब्राउझर यांच्या मधे बसतात, साइटचं सर्टिफिकेट काढून स्वतःचं लावतात, आणि ते चालावं म्हणून स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीची खरी मानली जातात ते मूळ, विंडोजमध्ये टाकून ठेवतात. अपडेट अर्धवट झालं, ट्रायल संपली, जुना अँटीव्हायरस काढून नवा टाकला पण जुन्याचे अवशेष राहिले, किंवा दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र नांदतायत, की हे गणित मधूनच बिघडतं. फायरफॉक्स स्वतःची वेगळी रूट यादी ठेवतो, त्यामुळे क्रोम चालतोय आणि फायरफॉक्स रडतोय असंही होतं.

बघायचं असं: पूर्ण अँटीव्हायरस बंद करू नका, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त एचटीटीपीएस स्कॅनिंग पाच मिनिटं बंद करा, ब्राउझर बंद करून परत उघडा. एरर गेला? मग अँटीव्हायरस कंपनीच्या साइटवरून तिचं रिमूव्हल टूल घेऊन पूर्ण काढा, रीस्टार्ट करा, नवीन कॉपी टाका. माझं मत विचाराल तर घरच्या पीसीवर हे स्कॅनिंग कायमचं बंदच ठेवावं, विंडोज डिफेंडर आणि अपडेटेड ब्राउझर एवढं पुरेसं असतं, आणि अँटीव्हायरसने सर्टिफिकेट तपासण्यापेक्षा ब्राउझरने तपासलेलं चांगलं. कोणी सहमत नसेल तर नसो.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांतला लॅपटॉप घरी आणला असेल तर इश्युअरमध्ये कंपनीचं किंवा तिच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं नाव दिसू शकतं, व्हीपीएन तुटला-जोडला की एरर येतो-जातो. तिथे स्वतः काही करू नका, आयटीवाल्यांना सांगा.

आणि इश्युअरचं नाव अजिबातच अनोळखी असेल, ना अँटीव्हायरस, ना ऑफिस, ना कुठली माहितीतली संस्था? तर थांबा. पीसीवर बँक, यूपीआय, मेल काहीही उघडू नका. स्टार्टमध्ये "मॅनेज यूजर सर्टिफिकेट्स" टाइप करा, "ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज" मध्ये तेच नाव आहे का बघा, मग "मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स" मध्येही बघा. सरसकट डिलीट करत सुटू नका, त्यात विंडोजची स्वतःचीही असतात. नाव सापडलं तर ते कुठल्या प्रोग्रॅमने आणलं ते शोधून आधी तो प्रोग्रॅम काढा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला सर्टिफिकेट परत येईल. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर कंपनीतूनच टाकून आलेलं उघड झालं होतं, ते हेच करत होतं, सगळ्या मशीनवर एकच रूट, आणि त्याची गुप्त किल्लीही बाहेर आली. फुकटचे व्हिडिओ डाउनलोडर आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर यांच्याबरोबरही असलं काही येऊ शकतं. सोबतच सेटिंग्जमध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट" खाली "प्रॉक्सी" उघडून मॅन्युअल प्रॉक्सी, म्हणजे तुमचं नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारी सोय, चालू नाही ना ते बघा. घरी प्रॉक्सी लागत नाही.

पायरी ५: साइटचाच दोष असेल तर

एकाच साइटवर एरर, बाकी सगळं मस्त, इश्युअर ओळखीचा. मग बहुतेक साइटवाल्यांनी काम अर्धवट केलंय. सर्टिफिकेट एकटं नसतं, साइटचं, त्याच्या वर मधलं, आणि त्याच्या वर रूट अशी साखळी असते. साइटने स्वतःचं आणि मधलं अशी दोन्ही पाठवायची असतात. काही जण मधलं पाठवायचं विसरतात. क्रोम आणि एज ते मधलं स्वतः शोधून आणायचा प्रयत्न करतात, आणलं तर साइट चालते, त्या क्षणी आणता आलं नाही तर एरर. फायरफॉक्स मधली सर्टिफिकेटं आधीपासून साठवून ठेवतो, साठ्यात असेल तर चालतं. म्हणून एकाच घरात ताईच्या लॅपटॉपवर साइट चालते आणि दादाच्या पीसीवर नाही, आणि दोघंही एकमेकांना "तुझंच काहीतरी चुकतंय" म्हणतात.

दुसरी शक्यता, मोठ्या साइट्स एका सर्व्हरवर नसतात, चार-पाच सर्व्हर असतात, आणि एकावर जुनं संपलेलं सर्टिफिकेट राहून गेलेलं असतं. तुम्ही कुठल्या सर्व्हरवर जाल ते नशिबावर. रिफ्रेश मारला की कधी चालतं कधी नाही, ते यामुळे. तिसरी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून साइट चालते आणि न लावता नाही, किंवा उलटं, कारण सर्टिफिकेटमध्ये एकच नाव घातलेलं.

तपासायला एसएसएल लॅब्जची मोफत टेस्ट आहे, साइटचं नाव टाकायचं, काही मिनिटं थांबायचं. ती प्रत्येक सर्व्हर वेगळा तपासते. "चेन इश्यूज" समोर "इनकम्प्लीट" आलं की साइटवाल्यांचा दोष सिद्ध.

इथे एक सूचना. काही पोर्टलवर "आधी हे रूट सर्टिफिकेट डाउनलोड करून इन्स्टॉल करा" असं लिहिलेलं असतं, यूट्यूबवरही तसे व्हिडिओ आहेत. रूट टाकणं म्हणजे त्या संस्थेला कुठल्याही साइटच्या नावाने सर्टिफिकेट द्यायची मोकळीक देणं. जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या संस्थेच्या, सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलने पकडलं होतं, तेव्हा विंडोजवर ती चालली असती, कारण त्या साखळीचं रूट विंडोजच्या यादीत होतं. म्हणून एका साइटपायी रूट टाकू नका. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांना "लोकलहोस्ट" किंवा १२७.०.०.१ वर एरर दिसतो, ते वेगळं, तो तुमच्याच पीसीवर चालणाऱ्या युटिलिटीचा असतो, तिथे त्या पोर्टलच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच करा. तसंच डिजिटल सातबाऱ्याच्या किंवा आधारच्या पीडीएफवर येणारं प्रश्नचिन्ह, त्याचा ब्राउझरच्या या एररशी संबंध नाही.

जुनं विंडोज

थोडक्यात सांगतो. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज नवीन रूट सर्टिफिकेटं गरज पडेल तशी मायक्रोसॉफ्टकडून आणतं, आणि ज्यांनी "अपडेटने मशीन स्लो होतं" म्हणून अपडेट पूर्ण मारून टाकलंय त्यांचं हे आणणंही बऱ्याचदा अडतं. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट एक्स ३ नावाचं एक जुनं रूट संपलं तेव्हा जगभर जुन्या फोन-कॉम्प्युटरवर एका दिवसात हजारो साइट्स अडल्या, ते असंच. विंडोज ७ सोडता येत नसेल तर निदान त्या मशीनवर पैशांचे व्यवहार नकोत. मशीन साधंच असेल तर लिनक्स मिंट टाका, आईवडिलांचं यूट्यूब आणि पेपर वाचणं त्यावर आरामात चालतं.

"प्रोसीड" दाबायचं का?

घरचा राउटर, प्रिंटर: हो. फक्त वाचायची साइट, कुठेही लॉगिन नाही, आणि दोष साइटचा आहे हे पायरी ५ मध्ये सिद्ध झालंय: दाबलं तर चालेल. बँक, मेल, यूपीआय, सरकारी लॉगिन, जिथे पासवर्ड किंवा ओटीपी टाकावा लागतो तिथे कधीच नाही, घाई कितीही असो, बिल उद्या भरा किंवा मोबाइल डेटावरून भरा. बऱ्याच बँकांच्या आणि मोठ्या साइट्सवर हे बटण येतच नाही, कारण साइटनेच ब्राउझरला सांगून ठेवलेलं असतं की एरर आला तर आत सोडू नकोस. ते बटण आणायच्या युक्त्या नेटवर सापडतात. त्या वापरू नका.

आणि साइटवाल्यांना कळवायचं असेल तर मेल असा लिहा: साइटचा पूर्ण पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सकट किंवा ते नसलं तर तसं, तारीख आणि वेळ, एररचा कोड, सब्जेक्ट-इश्युअर-मुदतीच्या ओळींचा स्क्रीनशॉट, दोन ब्राउझरमध्ये आणि दोन नेटवर काय झालं ते एका ओळीत, आणि एसएसएल लॅब्जच्या रिझल्टची लिंक. एवढं दिलं की कस्टमर केअरचं "कॅशे क्लिअर करा" हे उत्तर टळतं आणि तो मेल साइटचा सर्व्हर बघणाऱ्या माणसापर्यंत जायची शक्यता वाढते.